दोनशे तासांची सही

टायरला बाहेरून साधं खरचटलेलंही नव्हतं, आणि हर्षदा पिसाळला पहिला राग आला तो त्याचाच.

तिचा धाकटा भाऊ संदेश समोर खाटेवर होता. उजवा पाय मांडीपासून खाली लोखंडी कड्यांत अडकवलेला, कपाळावर टाके, हनुवटीला घाटातली लाल माती अजून तशीच. सकाळी दहाच्या सुमारास पसरणी घाट उतरताना चौथ्या वळणावर त्याच्या सायकलचं पुढचं चाक एकाएकी खाली बसलं होतं. मागे स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या. लोक धावले तेव्हा रस्ताभर लालच लाल, आणि त्यातलं स्ट्रॉबेरीचं किती आणि माणसाचं किती हे कळायला काही क्षण गेले. पाय राहील की नाही ते परवा सांगतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

संदेश गुंगीत होता. तरी त्याला एवढंच सांगायचं होतं.

“टायर नवाच व्हता गं ताई. तुझी सही बघून घेतला व्हता. म्हणून तर सकाळचा अंगठाबी लावला न्हाई.”

हर्षदाने त्याच्या हनुवटीवरची माती पदराने पुसली आणि ती बाहेर आली. सायकल काढण्याआधी टायर अंगठ्याने दाबायचा, बोट सगळीकडून फिरवायचं, कुठे चीर लागली तर तिथेच थांबायचं, ही सवय त्याला तिनेच लावली होती. आणि ती मोडलीही तिच्यामुळेच. कारण ‘अक्षय’ टायरच्या कडेला उठावाची बारीक अक्षरं असत: ‘चाचणी, दोनशे तास, ह. पि. ०७’. हर्षदा पिसाळ, तपासनीस क्रमांक सात. घाटातल्या लोकांत त्याला सहीचा टायर म्हणत.

घाटात इंजिनाच्या गाड्या बंद होऊन सहा वर्षं झाली होती. डोंगर खचायला लागल्यावर सरकारने जड वाहनं थांबवली आणि पाचगणीची स्ट्रॉबेरी सायकलवर आली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, हलक्या सांगाड्याची रस्त्याची सायकल. चढाला मदत करणारी मुठीएवढी मोटार. मागे दोन पेट्या. अशा तीनशे चाळीस सायकली वाईत होत्या. मोसमात एकेका सायकलवर तीन-तीन माणसं पाळीपाळीने बसत. एक उतरला की दुसरा चढायचा. पौषापासून फाल्गुनापर्यंत त्या सायकलींची सीट थंड होत नसे.

संदेशची सायकल दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. हर्षदाने पुढचा टायर काढला आणि तसाच खांद्यात अडकवून केंद्रावर नेला.

टायर चाचणी केंद्र कृष्णेच्या पलीकडच्या काठावर. तिथे एकोणीस वर्षं तिचं एकच काम: टायर चांगला की वाईट ते सांगणं. टायर जोर किती खातो, म्हणजे पाय मारणाऱ्याची किती ताकद रस्त्याला न लागता रबरातच जिरते, ते ती मोजायची. ओल्या डांबरावर पकड किती, सुई किती वजनाला आत घुसते, तेही. आणि शेवटी टिकाऊपणा. त्यासाठी पुरुषभर उंचीचा पोलादी ड्रम होता, पाठीवर डांबरासारखा खरखरीत थर चढवलेला. टायर त्याच्यावर माणसाच्या वजनाने दाबायचा आणि ताशी चाळीसच्या वेगाने पळवत ठेवायचा. दोनशे तास टिकला तर पास. आठ हजार किलोमीटर.

तिने संदेशचा टायर टेबलावर आडवा कापला. पाती आत गेली आणि वरचं रबर खालच्या दोऱ्यांपासून सुटून आलं, शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं. रबर आणि दोरा यांच्यामध्ये बोटभर लांबीची पोकळी होती. एक नव्हे, सतरा. वरून सगळं गुळगुळीत.

‘अक्षय’चं रबर साधं नव्हतं, हे तिला ठाऊकच होतं. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. या साखळ्या जागोजाग एकमेकींना गंधकाच्या गाठींनी बांधलेल्या असतात, म्हणून रबर ताणलं तरी परत जागेवर येतं. साध्या रबरात गाठ तुटली की तुटली. ‘अक्षय’मधल्या गाठी वेगळ्या. त्या हातासारख्या. फुगडीतला हात सुटला तर बाई दुसरीचा धरते, तशी एक गाठ सुटली तर साखळी शेजारच्या साखळीला जाऊन धरते. म्हणून चीर पडली तर मिटते, खिळ्याचं भोक बुजतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा हर्षदाने नकळत हात जोडले होते. देवाने माणसाच्या कातडीला दिलेलं कुणीतरी रबराला मागून घेतलं, असं तिला वाटलं होतं.

मग आतल्या पोकळ्या का मिटल्या नाहीत?

तिने गेल्या वर्षीची चाचणीची वही काढली. यंत्र सगळं आपोआप नोंदतं, तरी ती हाताने लिहायची. सुरू, साडेआठ. बंद, साडेचार. सुरू, साडेआठ. बंद, साडेचार. पंचवीस दिवस, रोज आठ तास. दोनशे.

ती पानं तिने तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिचं बोट ‘बंद’ या शब्दावर थांबलं.

गेल्या वर्षीची ती चाचणी कृष्णाबाईच्या उत्सवात झाली होती. उत्सवात वाईच्या एकेका घाटाची पाळी असते, संध्याकाळी पाच वाजता नदीच्या पायऱ्यांवर कीर्तन उभं राहतं, आणि त्या कीर्तनात पेटीशेजारी बसून झांज धरायची ती हर्षदाने. तिच्या आईने धरली, मग तिने धरली. बावीस वर्षं. झांजवाली उशिरा आली तर बुवांनी पहिलं नमन कशावर करायचं? म्हणून साडेचारला ड्रम बंद. दुसरी केंद्रं ड्रम रात्रंदिवस चालू ठेवतात, माणूस असो नसो. हर्षदाला ते पटायचं नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर चाललं नाही त्याच्यावर सही करणार नाही, असं ती म्हणायची. आणि तिने एकदा पडताळूनही पाहिलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने साधे टायर थांबवून आणि न थांबवता पळवले होते. आकडा तोच आला होता. साध्या रबराला विश्रांतीने काही फरक पडत नाही.

या रबराला पडत होता.

साखळीला शेजारणीचा हात धरायला वेळ लागतो. चाक फिरत असताना टायरचा प्रत्येक तुकडा सेकंदाला पाच वेळा चेपतो आणि सुटतो. हात पुढे होतो न होतो तोच पुन्हा धक्का. उतारावर ब्रेकने रिंग तापते, तशी धरलेली बोटंही सैल पडतात. वरची साल मऊ, ती लगेच मिटते आणि चेहरा ताजा दिसतो. आतल्या थराला मात्र पूर्ण स्वस्थता लागते, तासन् तास. ती हर्षदाने त्याला दिली होती. रोज सोळा तास. ती घाटावर झांज वाजवत होती तेव्हा केंद्रातल्या अंधारात टायर आपल्या जखमा बऱ्या करत होता, आणि सकाळी ती त्याला धडधाकट समजून पुन्हा पळवत होती.

साडेचार वाजले. नदीपलीकडे बिछायत घालण्याचा गलका सुरू झाला होता. हर्षदाने कोरा ‘अक्षय’ टायर चढवला, ड्रमवर दाबला आणि कळ खाली ओढली. ज्या वेळेला तिने आयुष्यभर हे यंत्र बंद केलं, त्याच वेळेला ते सुरू केलं.

मग तिने सायकलवाल्यांच्या मुकादमाला, सर्जेरावला फोन केला. अक्षय टायर काढा म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मोसम ऐन भरात आहे, माल झाडावर थांबत नाही, आणि टायरवर तर सही तुमचीच आहे, असं तो म्हणाला. संदेशचं झालं ते वाईटच झालं, पण एकाच्या पडण्यावरून तीनशे चाळीस सायकली कशा थांबवायच्या. कागद दाखवा, मग बघू.

पाच वाजता पलीकडून पेटीचा सूर आला. कीर्तनकार शेंडेबुवांचा चढा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. झांज दुसऱ्याच कुणीतरी धरली होती आणि ती अर्ध्या मात्रेने मागे पडत होती. हर्षदा ड्रमसमोर स्टुलावर बसली आणि तिचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. तिने तो डाव्या हाताने दाबून धरला.

ती तिथेच जेवली आणि तिथेच बसल्या बसल्या डुलकी काढली. दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. टायर तसाच चमकत पळत होता. दुपारी तीनला तिला वाटलं की आवाज बदललाय. यंत्राच्या काट्यांत काहीच नव्हतं, पण एकोणीस वर्षांच्या कानाला कळलं. फेरीगणिक एक हलकी थाप पडत होती, तबल्यावर शाई सुटली की पडते तशी. साडेपाचला दोन थापा. सात वाजायला वीस मिनिटं असताना पलीकडे आरती सुरू झाली आणि इकडे टायर फुटला. खोलीत रबराचा जळका वास भरला.

सव्वीस तास दहा मिनिटं. दोनशे नव्हे. सव्वीस.

सर्जेरावला तिने आकडा सांगितला. तो म्हणाला की बाई, टायरवर तुम्ही दोनशे लिहिलंय आणि तोंडाने सव्वीस सांगताय, आमच्या माणसांनी कोणतं खरं मानायचं? कंपनीने सांगितलं तर लगेच उतरवतो.

त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना.

सह्यगिरी रबरचा कारखाना शिरवळजवळ होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हर्षदा तिथे मुख्य अभियंता निनाद कारखानीस यांच्यासमोर बसली होती. मनुष्य सौम्य, नम्र. त्याने आधी संदेशची चौकशी केली, दवाखान्याचं नाव विचारलं, चहा मागवला. हर्षदाला तोवर खरंच वाटत होतं की हे ऐकून त्याचा चेहरा उतरेल, तो फोन उचलेल आणि संध्याकाळपर्यंत टायर परत मागवले जातील. चूक दोघांची नव्हती, नव्या रबराची होती. ती सांगायला लागली. आपण रोज ड्रम थांबवत होतो. परवा न थांबवता लावला. आतून थर सुटत गेला आणि शेवटी फुटला.

“सव्विसाव्या तासाला,” कारखानीस मान डोलावत म्हणाले.

हर्षदाने चहाचा कप खाली ठेवला. तिने आकडा अजून सांगितला नव्हता.

कारखानीसांना ते एका क्षणाने उशिरा कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“किती ठिकाणी पाठवला होता टायर?” तिने विचारलं.

“मॅडम, कुठलीही कंपनी एकाहून जास्त केंद्रांकडे—”

“किती?”

“चार.”

“आणि तिघांनी रात्रंदिवस चालवला.”

“नियम बघा ना तुम्ही. नियमात एकूण दोनशे तास असं आहे. सलग, असा शब्द नाही. तुमची चाचणी नियमाप्रमाणे अगदी स्वच्छ आहे. उलट आम्ही तर सगळ्यांना सांगतो की पिसाळ मॅडमसारखी तपासणी कोणी करत नाही.”

“तुम्हाला माहीत होतं की हा टायर घाटात न थांबता चालणार. तीन पाळ्यांत.”

“घाटात ऊन असतं, थंडी असते, माणसं चहाला थांबतात. सव्वीस हा आकडा प्रयोगशाळेतला. रस्त्यावर कदाचित पन्नास जाईल, ऐंशी जाईल. मोसम झाला की नवीन मिश्रण येतंय. दोन महिने फक्त.”

“माझ्या भावाचा पाय दोन महिन्यांत जागेवर येईल का?”

कारखानीस थोडे पुढे झुकले. आवाज आणखी मऊ झाला. तुम्हाला सही मागे घ्यायची तर घ्या, म्हणाले. पण कारण लिहावं लागेल. काय लिहाल? कीर्तनाला जायचं म्हणून रोज यंत्र बंद करत होते? एकोणीस वर्षांत तुम्ही पास केलेला प्रत्येक टायर लोक उकरून काढतील. केंद्र बंद होईल. आणि उत्सवाचंही नाव निघेल. “आज संध्याकाळी मी येतोच आहे कीर्तनाला. यंदा आजचे यजमान आम्हीच. बुवांना हार माझ्या हातून आहे. तिथे भेटू, शांतपणे बोलू.”

हर्षदा उठली. तिला त्या माणसाचा राग आलाच होता, पण त्याहून मोठा दुसराच एक राग छातीत बसला होता. याने शोधून तिला निवडलं होतं. चार केंद्रांमधून वाईची झांजवाली बाई निवडली होती, कारण ती साडेचारला उठते. तिची भक्ती त्याने वेळापत्रकासारखी वाचली होती आणि तिच्या जोरावर टायर विकले होते.

परतताना दवाखान्यात थांबली. डॉक्टर बाहेरच भेटले. सकाळीच निर्णय घ्यावा लागला, म्हणाले. गुडघा वाचवला. गुडघ्याखाली नाही.

संदेश जागा होता आणि छताकडे बघत होता. ती जवळ बसली तेव्हा त्याने डोकं वळवलं नाही. मग म्हणाला, “रात्रीच्या पाळीला आमच्या सायकलीवं तुक्या बसतो. मागचा टायर तसाच हाय अजून. त्याला सांग.” स्वतःच्या पायाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. हर्षदाला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी कीर्तन गंगापुरीच्या घाटावर होतं. पाळी बदलायची वेळ म्हणून पन्नास-साठ सायकलवाले वरच्या पायऱ्यांवर टेकले होते, सर्जेराव त्यांच्यात. त्यांच्या सायकली मागे ओळीने उभ्या. पहिल्या रांगेत कारखानीस, पांढरा कुर्ता, मांडीवर हाराची परडी. हर्षदा आपल्या जागी पेटीशेजारी बसली. तिच्या झांजेच्या पिशवीत आज संदेशचा कापलेला टायर होता.

शेंडेबुवा सत्तरीचे, अंगाने काडी, पण कमरेला उपरणं बांधून चिपळ्या उचलल्या की विशीतले. त्यांनी त्या दिवशी पूर्वरंगाला विसावा हा विषय घेतला होता. देहाला निजेचा विसावा आहे, झाडाला हिवाळ्याचा, नदीला डोहाचा. मनाने तेवढं कुठे टेकायचं? मनाला टेकायला नाम आहे. नुसतं टेकावं, मागावं काही नाही, आणि उठाल तेव्हा तुटलेलं सांधलेलं असेल. बुवा असं सांगत होते आणि लोकांच्या माना हलत होत्या. हर्षदाची झांज एकदाही चुकली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, आणि ते भक्तीचं आहे असं समजून शेजारच्या बायकांनी हात जोडले. एरवी तिला गोड लागणाऱ्या प्रत्येक शब्दाला आज रबराचा वास येत होता.

पूर्वरंग संपला. गजर झाला. आता मध्यंतर: बुवा थांबतात, यजमान बुक्का लावून हार घालतो, आणि मग उत्तररंग, म्हणजे जे सांगितलं ते कथेतून दाखवायचं. कारखानीस हार घेऊन उभे राहिले. त्यांनी तो बुवांच्या गळ्यात घातला, वाकून नमस्कार केला.

हर्षदा उठली. बावीस वर्षांत ती त्या जागेवरून मध्येच कधी उठली नव्हती, म्हणून पेटीवाल्याचा हात आपोआप थांबला.

“बुवा, मला चार शब्द सांगायचेत. आख्यानाच्या आधी.”

बुवांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले.

तिने पिशवीतून टायर काढला. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण घाटाच्या पायऱ्या आवाज वर नेतात.

“हा संदेशचा टायर. माझ्या भावाचा. आज त्याचा पाय कापला. हा वरून हात लावून बघा, नवा आहे. आता आतून बघा.” तिने तो सर्वांत जवळच्या माणसाकडे दिला आणि तो हातोहात वर जायला लागला. “याच्यावर दोनशे तास लिहिलंय ते मी लिहिलंय. खोटं नाही लिहिलं. पण रोज साडेचारला मी यंत्र बंद करून इथे येत होते. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय मला इथे. तेवढ्या वेळात हे रबर झोपायचं आणि आतून बरं व्हायचं. तुमच्या सायकली झोपत नाहीत. न थांबता चालवला तर हा सव्वीस तासांत फुटतो. परवा मी लावून बघितलाय. हे मला वर्षापूर्वी कळायला हवं होतं. नाही कळलं. ही माझी चूक आणि तिला दुसरं नाव नाही.”

मग कारखानीसांकडे न बघता म्हणाली, “पण यांना कळलं होतं. यांनी चार ठिकाणी तपासून घेतला. तीन ठिकाणी फुटला. मी कीर्तनाला जाते म्हणून माझ्याकडे फुटला नाही, आणि म्हणून यांनी माझी सही छापली.”

कारखानीस उठले. ते ओरडले नाहीत. त्यांनी लोकांना सांगितलं की ताईंच्या घरात मोठं दुःख झालंय, अशा वेळी माणूस काहीही बोलतो, कंपनी त्यांच्या पाठीशी आहे, आणि आपण हरिकथेत विघ्न न आणता पुढे जाऊ या. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

वरच्या पायरीवरून सर्जेरावचा आवाज आला. टायर त्याच्या हातात पोचला होता आणि त्याने सुटलेल्या थरात चार बोटं घातली होती.

“साहेब, एवढंच सांगा. तीन ठिकाणी फुटला का न्हाई फुटला?”

कारखानीस म्हणाले की ही जागा तांत्रिक चर्चेची नाही.

“हो का न्हाई, एवढंच इचारलं.”

कारखानीसांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मग शेंडेबुवांनी गळ्यातला हार काढला. त्यांनी तो फेकला नाही. घडी घालावी तसा दोन्ही हातांत गोळा केला आणि कारखानीसांच्या परडीत परत ठेवला.

“पूर्वरंग मी सांगितला,” बुवा म्हणाले. “विसाव्यावर. फार गोड सांगितला, मला वाटलं. आख्यान या बाईंनी सांगितलं. त्याच्यावर माझ्याजवळ आख्यान नाही. आरती घ्या.”

आरती झाली, पण टाळ्या नीट पडल्या नाहीत. ती संपायच्या आधीच वरच्या पायऱ्यांवर धातूचा आवाज सुरू झाला होता. चाकं उतरत होती. सर्जेरावने पसरणी घाटाच्या वरच्या टोकाला फोन करून खाली येणारे सगळे थांबवले. हर्षदाने तुक्या कोण आहे ते विचारलं. एक दाढीवाला माणूस संदेशच्या सायकलचं मागचं चाक घेऊन उभा होता. संदेशचा निरोप आता सांगायची गरज उरली नव्हती. ती त्याच्यापुढून झांजा उचलून निघून गेली.

सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर सहाशे ऐंशी टायर पडले होते. कंपनीचं पत्र आलं होतं की टायर जसेच्या तसे परत करावेत. केंद्राचं आलं होतं की पिसाळ यांनी चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. दोन्ही पत्रं हर्षदाने वाचून कनवटीला खोचली आणि पायरीवर बसून एकेक टायर मांडीवर घेऊ लागली. तिच्या हातात रबर कापायचा चाकू होता. ‘ह. पि. ०७’ या अक्षरांवर एक आडवी रेघ. पुढचा टायर. आडवी रेघ. असे टायर दुसऱ्या गावात कुणाच्या सायकलीला लागले तर निदान सही खोडलेली दिसेल.

उन्हं वर येईपर्यंत साठेक झाले. पाणी प्यायला उठली, परत आली आणि पहिला टायर सहज पुन्हा हातात घेतला.

रेघ नव्हती. रबर मिटलं होतं. तिची सही पुन्हा स्वच्छ, ठळक, नवी दिसत होती.

हर्षदा त्या अक्षरांकडे बघत राहिली. तीन दिवस आत कोंडलेलं काहीतरी तिच्या हातात उतरलं. तिने टायर दगडी पायरीवर आडवा ठेवला, त्याच्यावर पाय दिला आणि चाकू पूर्ण आत घातला, सालीतून, थरातून, दोऱ्यांपर्यंत, आणि ओढला. दोरे एकेक करून तुटताना तिला ते ऐकू आले. रबर मिटतं. दोरा मिटत नाही.

सर्जेराव शेजारी येऊन बसला. त्याने कमरेचा विळा काढला आणि पुढचा टायर ओढला.

“कुठवर आत जायचं?” त्याने विचारलं.

“माझी सही मरेपर्यंत,” हर्षदा म्हणाली आणि तिसरा उचलला.